किल्ली कुणाकडे?

गेल्या महिन्याभरापासून आमच्या गावात पार आणि सभागृह यांवरून दोन तट पडले आहेत. गावठाणाच्या मधोमध, जुन्या चावडीला लागून, कडुनिंबाचा मोठा पार आहे. चावडी केव्हाच पडली. तिच्या जोत्यावर आता उकिरडा आहे आणि एका मोडक्या थ्रेशरचा सांगाडा. या सगळ्या जागेवर दोन मजली सांस्कृतिक सभागृह बांधायचा विषय ग्रामसभेपुढे येतो आहे, आणि त्यासाठी निंब तोडावा लागेल असं सांगितलं जातं. एक बाजू म्हणते, निधी आलेला परत पाठवू नका, तालुक्याच्या मंगल कार्यालयाचं भाडं भरून पोरीचं लग्न लावणाऱ्या बापाला जाऊन विचारा. दुसरी बाजू म्हणते, पार म्हणजे पूर्वजांची आठवण, त्याला हात लावू देणार नाही. मोबाईलच्या ग्रुपवर एकीकडून शेजारच्या गावातल्या रंगवलेल्या इमारतीचे फोटो पडतात, दुसरीकडून पारावर बसलेल्या पागोटेवाल्या म्हाताऱ्यांचे. दोन्ही बाजू पोटतिडकीनं बोलतात. पण त्या जागेवर रोज कोण बसणार, किती वाजता बसणार आणि कुणाला विचारून बसणार, हे मात्र कुणीच बोलत नाही.

मी तालुक्याला घरांचे नकाशे काढण्याचं काम करतो आणि राहतो याच गावठाणात. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. माणसं एकत्र येतात की नाही हे डोक्यावर छत आहे का यावर ठरत नाही, किल्ली कुणाकडे आहे यावर ठरतं. सभागृह बांधा. निंब तोडायची गरज नाही, कारण चावडीचं जोतं पुरेसं आहे. वर खोली काढा, तिला हवं तर कुलूप लावा. पण तळमजला खांबांवर मोकळा ठेवा, त्याच्या कडेनं बसायला ओटे काढा आणि त्याला दार म्हणून काही लावूच नका. गावात आज जे भांडण चाललं आहे ते पार हवा की सभागृह हवं असं आहे. मला वाटतं ते भांडण उघडी जागा हवी की कुलपातली, असं असायला हवं.

आधी दाटी काय असते ते पाहू. खेड्यात जागेला काय तोटा, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. गावाभोवती मोकळं रान दिसतं हे खरं, पण ते रान म्हणजे कुणाच्या ना कुणाच्या सातबाऱ्यावरचं वावर. राहायचं ते गावठाणात, आणि गावठाणाची हद्द कित्येक गावांत आजोबांच्या वेळी होती तेवढीच राहिली आहे. भावकी वाढली तशा वाड्यांच्या वाटण्या झाल्या. एका वाड्याचे चार हिस्से झाले, हिश्शांत पुन्हा भिंती पडल्या, सांदवाडीत खोल्या उठल्या, गोठ्याच्या जागी घरकुल आलं. २०१६ पासूनच्या ग्रामीण आवास योजनेत घराचं किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसकट २५ चौरस मीटर आहे आणि सपाट प्रदेशात अनुदान १ लाख २० हजार रुपये. ज्याच्या डोक्यावर गळकं टिन होतं त्याला पक्कं घर मिळालं, ही मोठी गोष्ट आहे, तिला नाव ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण २५ चौरस मीटरमध्ये पाच माणसं, एक दिवाण, एक कपाट आणि गॅसची शेगडी बसवल्यावर ओसरी बसत नाही. पाहुणा आला तर एकानं उठून बाहेर जावं लागतं. त्या घराची बैठक घराबाहेर निघाली आहे आणि ती गल्लीत जागा शोधते आहे. शहरातल्या चाळीत जी दाटी असते तीच ही, फक्त तिला मजले नाहीत. अशा वस्तीला सामाईक जागा ही हौस कशी म्हणायची? घराची जी खोली घरात मावली नाही, ती हीच आहे.

आणि जी सामाईक जागा होती ती आपण गेल्या वीसेक वर्षांत आपल्याच हातानं पुरली. हे मी अक्षरशः म्हणतो. आमच्या गल्लीतला एक ओटा माझ्या लहानपणी गुडघ्याएवढा होता, दीड-पावणेदोन फूट. रस्त्याचं आधी खडीकरण झालं, मग सिमेंट पडलं, मग काही वर्षांनी जुनं सिमेंट न खोदता त्याच्यावरच नवा थर पडला. परवा टेप लावून पाहिलं तर तो ओटा रस्त्यापेक्षा जेमतेम चार बोटं वर उरला आहे. त्याच्या शेजारच्या घराचा तर उंबरठाच रस्त्याखाली गेला. ती माणसं दर पावसाळ्यात दारात मातीचा बांध घालतात. चार बोटांच्या ओट्यावर कोण बसणार? बसलं तर पाय कुठं सोडणार? जे ओटे इतके खाली गेले नाहीत, ते नालीच्या कामात अतिक्रमण म्हणून फोडले गेले. त्या ओट्यांवर दुपारची दाळ-तांदूळ निवडण व्हायची, वाकळा शिवल्या जायच्या, बाळंतिणीच्या लेकराला ऊन दाखवलं जायचं. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी घरोघरच्या ओट्यावर भुलाबाईची गाणी म्हणायच्या आणि डब्यातली खिरापत ओळखायला लावायच्या. रस्त्याच्या अंदाजपत्रकात खडी किती, सिमेंट किती, मजुरी किती हे सगळं लिहिलेलं असतं. गल्लीतली बसायची जागा किती गेली, याला त्यात रकाना नसतो. म्हणून ती गेलेली कुणाला दिसली नाही.

आता विरोधी बाजूचं सगळ्यात जड म्हणणं. सभागृह मागणाऱ्यांतला एक तरुण ग्रुपवर लिहितो, ‘ज्या पाराचं कौतुक करता त्यावर आमच्या आजोबाला बसू दिलं होतं का?’ या प्रश्नावर पारवाल्यांच्या बाजूनं कुणी काही बोललं नाही. बोलायला हवं होतं. त्याचं म्हणणं खरं आहे. आमच्याच गावातल्या एका आजोबांनी मला सांगितलेलं आहे की त्यांचे वडील पारासमोरून जाताना पायातल्या वहाणा हातात घेत. बायांचं तर विचारूच नका. आजही माझ्या घरातल्या बाया पारावर माणसं बसलेली असतील तर पदर डोक्यावर ओढून झपाझप पुढं जातात. शेजारच्या म्हाताऱ्या काकूंना मी विचारलं, पार राहावा की जावा? त्या म्हणाल्या, ‘आमाले कोन बसू देते तठी, बाबू? राहो का जावो.’ पार सगळ्या गावाचा होता हे वाक्य ज्यांना लिहावंसं वाटतं त्यांनी हे उत्तर आधी ऐकावं. गावच्या सार्वजनिक म्हणवल्या जाणाऱ्या जागा सार्वजनिक नव्हत्या, म्हणून तर महाडला तळ्यासाठी आणि इथं अमरावतीला अंबादेवीच्या दारासाठी १९२७ साली झगडा उभा करावा लागला.

पण या इतिहासातून काय निघतं? पार वाईट होता म्हणून बंद खोली चांगली, असं निघतं का? ज्यांना पारावरून दूर ठेवलं गेलं त्या लोकांनी स्वतः काय बांधलं ते पाहा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या मैदानावर धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर विदर्भाच्या खेड्याखेड्यांत बुद्धविहारं उभी राहिली. आमच्या गावचं विहार म्हणजे एक मध्यम खोली, पुढं पत्र्याचं छत, समोर फरशीचं अंगण आणि पंचशील ध्वज. संध्याकाळी तिथं वंदना होते. वर्षावासात आषाढ ते अश्विन रोज ग्रंथवाचन होतं, बाया कामावरून येऊन हातपाय धुवून तिथं बसतात. पोरं त्याच अंगणात अभ्यास करतात. मयताच्या घरची माणसं तिथं बसतात, वर्गणीचा हिशोब तिथं होतो. गावातली सगळ्यात जास्त वापरात असलेली सामाईक इमारत तीच आहे, आणि ती गावातल्या सगळ्यात कमी पैशात झालेली आहे. तिथली खोली महत्त्वाची आहेच, पण माणसं बसतात ती बहुतेक वेळ अंगणात आणि पत्र्याखाली, जिथं दार नाही. पारावर अन्याय झाला त्याचं उत्तर या लोकांनी कुलपानं दिलं नाही. त्यांनी दुसरी, सगळ्यांना बसता येईल अशी उघडी जागा केली.

आणि आपल्याच मुलखातला दुसरा माणूस आठवा. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा. गावात आले की आधी खराटा घेऊन जागा झाडायचे, आणि झाडलेल्या त्या जमिनीवरच रात्री कीर्तन उभं राहायचं. कीर्तनाला लागणारी वास्तू त्यांनी खराट्यानं तयार केली. पण तेवढ्यावर थांबले नाहीत. देवळं बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या. पंढरपुरात ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं त्या वारकऱ्यांसाठी चोखामेळा धर्मशाळा उभी केली आणि पुढं ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वाधीन केली. इमारत बांधताना ती कुणासाठी दारं उघडेल हा प्रश्न त्यांनी सगळ्यात आधी विचारला. आपण तो सगळ्यात शेवटी विचारतो, उद्घाटनाची फीत कापून झाल्यावर, आणि तेव्हा किल्ली कुणाच्या तरी खिशात गेलेली असते.

म्हणून मी पाराची वकिली करत नाही. पाराचा आकारच मानाचा आहे. मधे उंच गोल बैठक, वर बसलेला सगळ्यांना पाहतो, खालून जाणारा पाहिला जातो. त्या उंच जागेवर कोण चढणार याची भांडणं आपोआप होतात. मला त्या जागेतल्या दोनच गोष्टी हव्या आहेत, निंबाची सावली आणि कुलूप नसणं. बाकी उंच गोलाच्या जागी लांब, बुटका, ठिकठिकाणी वळणारा ओटा करा. लांब ओट्याला मानाचं टोक नसतं. एका कोपऱ्यात म्हातारे बसतील तेव्हा दुसऱ्या टोकाला बायांना त्यांच्याकडं पाठ करून बसता येईल. आकारानं जात जाते असं मी म्हणत नाही, ती मनातून जायची आहे. पण चुकीचा आकार तिला बसायला जागा देतो, एवढं आम्हा नकाशे काढणाऱ्यांना तरी कळायला हवं.

दुसरा मुद्दा लग्नाचा आणि उन्हाचा. तोही हलका नाही. मे महिन्यात आमच्याकडं पारा ४५ च्या पुढं जातो आणि लग्नाच्या तिथी नेमक्या एप्रिल-मेच्या. गल्लीत मांडव टाकून दुपारी पंगती बसवणं म्हणजे पाहुण्यांच्या जिवाशी खेळ. पावसाळ्यात दहावं-तेरावं आलं तर माणसं गोठ्यात बसवावी लागतात. ज्याच्या घरी ओसरी नाही त्या माणसानं सभागृह मागितलं तर त्याला पाराच्या आठवणी सांगणं हे निर्दयपणाचं आहे. म्हणूनच मी बांधा म्हणतो.

पण बांधलेलं कसं वापरलं जातं हे पाहायला लांब जायला नको. इथून दोन कोसांवरच्या एका गावात असंच सभागृह आहे, गावातल्या सोयींसाठीच्या ‘पंचवीस-पंधरा’ नावाच्या सरकारी निधीतलं. दोन-तीनदा मी तिथं मुद्दाम दुपारी जाऊन बसलो. शटर बंद. खिडकीतून आत पाहिलं तर प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या थप्प्या, एक तुटलेला डायस आणि कुणाचे तरी कापसाचे गाठोडे. आत माणूस नाही. पण बाहेर, शटरसमोर, तीन पायऱ्या आहेत आणि वर दोन फुटांचा छज्जा पुढं आलेला आहे. चार वाजता इमारतीची सावली त्या पायऱ्यांवर पडते. सव्वाचारला एक आजीबाई नातवाला घेऊन आल्या आणि मधल्या पायरीवर बसल्या. मग शेजारच्या चक्कीवर दळण टाकून दोन बाया आल्या, डबे खाली ठेवले, वरच्या पायरीवर टेकल्या. एकीनं पदरातून मेथी काढली आणि खुडायला बसली. साडेचारला शाळा सुटली, पोरं खालच्या पायरीवरून उड्या मारू लागली. पाचला एकूण अकरा माणसं तिथं होती. सगळं सभागृह त्यांच्या पाठीशी बंद होतं आणि ज्या तीन पायऱ्यांचा वापर होत होता त्या अंदाजपत्रकात फक्त आत जायची सोय म्हणून धरलेल्या होत्या. मीही अशा दोन सभागृहांचे नकाशे काढून दिलेले आहेत. त्या दोन्हींत पायऱ्या मी एका बाजूला, अरुंद काढल्या, कारण त्या कुणाच्या बसायच्या आहेत हे तेव्हा मला सुचलं नाही.

ही चूक फक्त आपल्याच खेड्यांत होते असं नाही. न्यूयॉर्क शहरानं १९६१ साली नियम केला की जो बिल्डर इमारतीसमोर लोकांसाठी मोकळा चौक सोडेल त्याला वर जादा बांधकाम करता येईल. बिल्डरांनी चौक सोडले, मजले चढवले, आणि चौक ओस पडले. विल्यम व्हाइट नावाच्या अभ्यासकानं त्या चौकांत कॅमेरे लावून माणसं कुठं थांबतात, कुठं बसतात ते पाहिलं. त्याला आढळलं ते आपल्या कुठल्याही म्हाताऱ्या बाईला ठाऊक आहे. जिथं बसायला कठडा असतो तिथं माणूस बसतो, आणि एक फुटापासून तीन फुटांपर्यंतची कुठलीही कड त्याला चालते. कठडे निमुळते केले, त्यावर खिळे ठोकले, की चौक मरतो. १९७५ साली त्या शहरानं नियम बदलले आणि चौकात बसायला जागा आणि झाडं लावणं सक्तीचं केलं. नुसती जागा सोडून भागत नाही आणि नुसतं छत घालून भागत नाही, हे कळायला एवढ्या श्रीमंत शहराला चौदा वर्षं लागली. आपल्याकडं गावोगावी सभामंडप आणि समाजमंदिरं बांधली गेली. त्यांतली किती रोज उघडतात हे पाहायला कोण गेलं?

तिसरा मुद्दा कुलपाच्या बाजूचा, आणि तो प्रामाणिक आहे. सरपंचताई मला म्हणाल्या, ‘दादा, उघडं ठेवलं की पहिल्याच महिन्यात तिथं पत्ते बसतात, दारूच्या शिश्या पडतात, कुणी ट्रॅक्टर लावते, कुणी कुटार टाकते. मग बाया तिकडं फिरकतही नाहीत. त्यापेक्षा कुलूप बरं.’ त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे, मीही पाहिलेलं आहे. मोकळी जागा आपोआप सगळ्यांची राहत नाही. तिच्यावर दांडगा बसतो.

पण दांडगा नेमका कुठं बसतो ते पाहा. शाळेच्या मागं, पाण्याच्या टाकीखाली, स्मशानाच्या शेडमध्ये. जिथून कुणाचं येणं-जाणं नाही तिथं. भर चौकात, जिथं समोर चक्की आहे, बाजूला अंगणवाडी आहे, पलीकडं रेशनचं दुकान आहे, तिथं दुपारी चारला शिशी काढून बसायची हिंमत फार थोड्यांची होते. उघड्या जागेला वर्दळ राखते. म्हणून सामाईक जागा गावाबाहेरच्या ई-क्लासच्या सरकारी जमिनीवर, फुकट मिळते म्हणून, बांधू नका. ती तिथंच बांधा जिथून बाया पाण्याला, दळणाला, लेकराला आणायला तशाही दिवसातून चारदा जातात. आणि ट्रॅक्टर-कुटाराचं उत्तर तर ओट्यातच आहे. तळमजल्याच्या तिन्ही बाजूंनी दीड फुटाचा ओटा फिरवला आणि आत जायला चार-चार फुटांच्या दोनच फटी ठेवल्या, की ट्रॅक्टर आत येऊच शकत नाही. बसायची कड तीच कुंपणाची कड. रात्री दहानंतर काय, हा प्रश्न उरतो, आणि त्याला माझ्याकडं पूर्ण उत्तर नाही. काही रात्री त्रास होईल. पण त्या काही रात्रींसाठी वर्षातल्या सगळ्या संध्याकाळी कुलपात घालायच्या का?

आणखी एक म्हणणं वारंवार ऐकू येतं. आता कुणी एकत्र बसतच नाही, प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, तुम्ही ओटे कुणासाठी बांधता? हे म्हणणाऱ्यानं संध्याकाळी सात वाजता गावाबाहेरच्या पुलियावर एक चक्कर मारावी. वीस-पंचवीस पोट्टे दोन्ही कठड्यांवर बसलेले असतात. हातात मोबाईल असतो हे खरं, पण एकाच्या मोबाईलमध्ये चौघं पाहत असतात. पोलीस भरतीची तयारी करणारे तिथूनच पळायला निघतात. अंगाला घासून ट्रक जातात, बसलेल्याच्या पाठीशी नाला आहे, दिवा नाही. तरी ते तिथं का बसतात? कारण कठडा दीड फूट उंच आहे, वारा लागतो, आणि तिथून कुणी ऊठ म्हणत नाही. एकत्र बसायची इच्छा संपलेली नाही. तिला गावठाणात जागा उरली नाही म्हणून ती हमरस्त्याच्या कडेला जाऊन बसली आहे. आणि पोरींना तर पुलियाही नाही.

आता बांधायचं कसं, ते माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. वरचा मजला हीच खालच्या मजल्याची खरी सावली आहे. उन्हानं तापतो तो वरचा स्लॅब, त्याच्या खाली एक मजला सोडून जो गारवा उरतो तो तळमजल्याला मिळतो. म्हणून दोन मजली इमारतीला माझा विरोध नाही, उलट तिचा फायदा घ्या. दुपारनंतरचं ऊन पश्चिमेकडून येतं, तेव्हा संडास, मोरी, खुर्च्यांची खोली हे सगळं पश्चिमेच्या भिंतीला लावा, ऊन तेच झेलतील. उत्तर आणि पूर्व मोकळी सोडा. ओटा सोळा ते अठरा इंच उंच आणि दोन फूट रुंद हवा, म्हणजे दोन्हीकडं पाय सोडून बसता येतं आणि दुपारी आडवंही होता येतं. तो सरळ रेषेत काढू नका, कोपऱ्याकोपऱ्यांत काटकोनात वळवा. ओळीत बसलेली माणसं रस्त्याकडं बघतात, काटकोनात बसलेली एकमेकांकडं. एका बाजूला उतार हवा, गुडघे दुखणाऱ्यांसाठी आणि चाकाच्या खुर्चीसाठी. पाण्याचा नळ आणि माठ हवा. बायांच्या संडासाचं दार बैठकीकडं नको, कारण सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्या तिकडं जाणार नाहीत आणि मग तासाभरात घरी निघतील. चौकात हायमास्टचा दिवा लावायची चाल पडली आहे. त्याच्या झगझगीत उजेडाखाली कुणी निवांत बसत नाही. त्यापेक्षा खांबाखांबाला डोक्याच्या उंचीवर मंद दिवे लावा. वरच्या मजल्यावर कौलारू छप्पर करता आलं तर फारच बरं. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानं कुंभाराकडून करून घेतलेल्या शंकूच्या आकाराच्या नळ्या एकात एक अडकवून कमानीचं छप्पर करायची पद्धत बसवलेली आहे. ती स्लॅबपेक्षा थंड राहते आणि पैसा गावातल्या कुंभाराकडं जातो.

निंबाबद्दल वेगळं लिहितो, कारण त्याला वाचवतो म्हणणारेही त्याला मारतात. झाडाभोवती सिमेंटची पाळ बांधायची आणि खोडापर्यंत गट्टू बसवून टाकायचे, वरून रंग द्यायचा, असं जागोजागी सुशोभीकरण चाललं आहे. मुळांना पाणी जायला वाटच राहत नाही. दहा-पंधरा वर्षांनी झाड वाळतं आणि मग ते धोकादायक म्हणून तोडायचा ठराव येतो. फांद्यांचा पसारा जिथवर आहे तिथवर माती उघडी ठेवा. बाया तिथं सडा टाकतील, पोरं गोट्या खेळतील.

या मांडणीत एक गोष्ट जाते, ती लपवत नाही. निंब राखून फक्त चावडीच्या जोत्यावर बांधलं तर वरची खोली शंभर-सव्वाशे माणसांची होईल, तीनशेची नाही. मोठ्या लग्नाला वरची खोली, खालचा मोकळा मजला आणि निंबाखालचं अंगण हे तिन्ही मिळून वापरावं लागेल. पंगत खाली, वऱ्हाड वर, स्वयंपाक मागं. आपल्याकडं लग्नं अशीच तीन-चार घरं मिळून होत आली आहेत. आणि तीनशेच्या बंद खोलीपेक्षा ही जागा जास्त वापरली जाईल, रोज तीस माणसं तरी तिथं बसतील, याची मला खात्री आहे.

दाट वस्तीत एकच मोठी जागा पुरत नाही, हेही पारवाल्यांनी आणि सभागृहवाल्यांनी दोघांनी ऐकावं. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात नवी मुंबईतल्या बेलापूरला जी वसाहत केली तिथं सात-सात घरांच्या मधे साधारण आठ मीटर बाय आठ मीटरचं एक अंगण ठेवलं, अशा तीन अंगणांना मिळून आणखी मोठं अंगण, आणि मग त्याहून मोठी जागा. म्हातारी बाई सात घरांच्या अंगणात जाते, सगळ्या वस्तीच्या चौकात जायला तिला कारण लागतं. आपल्या गल्ल्यांत असं अंगण नव्यानं काढायला जागा नाही. पण जिथं पडकी भिंत आहे, जिथं हातपंप आहे, जिथं दोन गल्ल्या मिळतात, तिथं आठ फुटांचा एकेक ओटा काढता येतो. आणि पुढचा सिमेंट रस्ता टाकताना जुना थर खोदून काढायची अट घातली तर बुडालेले ओटे परत वर येतात. याला वेगळा निधी लागत नाही, निविदेत एक ओळ लागते.

हे सगळं ठरवायचं कुठं, तर ग्रामसभेत. आणि तिथं तर जागेचा प्रश्न सगळ्यात उघडा पडतो. कायद्यानं ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतली कमी असेल ती संख्या हजर लागते. आमच्याकडं ती भरत नाही. सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही म्हणून पुढच्या वेळी वीस-पंचवीस माणसांत सगळे ठराव होतात. लोकांना गावाची पर्वा नाही असं मग म्हटलं जातं. सभा सकाळी अकराला, ग्रामपंचायतीच्या वरच्या खोलीत. अकराला अर्धं गाव निंदायला नाहीतर वेचणीला वावरात असतं, आणि त्या खोलीत दारापाशी चपला काढून आत जायचं, खुर्चीवर कोण आणि सतरंजीवर कोण हे ठरलेलं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं नाव आपण २००९ च्या सामूहिक वनहक्कासाठी घेतो. पण त्या गावानं त्याच्या कितीतरी आधी आपलं घोटुल, म्हणजे गोंडांचं एकत्र जमायचं घर, परत उभं करण्यासाठी वनखात्याशी झगडा केला होता, आणि गावाचे निर्णय बहुमतानं नव्हे, सर्वसहमतीनं घ्यायची शिस्त लावून घेतली होती. सर्वसहमतीला माणसं पुन्हा पुन्हा बसावी लागतात. पुन्हा पुन्हा बसायला रोज उघडी असलेली जागा लागते.

माझा नकाशा तयार आहे. जोत्याचं माप घेतलेलं आहे, निंबाच्या पसाऱ्याच्या बाहेर पहिला खांब येतो. तो मी सरपंचताईंकडं दिला आहे आणि एक प्रत चक्कीच्या भिंतीला चिकटवली आहे, कारण बाया तिथं थांबतात. एवढीच विनंती आहे की या विषयाची ग्रामसभा सकाळी अकराला वरच्या खोलीत घेऊ नये. महिलांची सभा आधी व्हायची ती नुसती सह्यांपुरती नको, काकूंसारख्या बायांना नकाशासमोर उभं करून व्हावी. आणि मुख्य सभा संध्याकाळी सातला, वावरातून माणसं परत आल्यावर, निंबाखाली सतरंज्या टाकून घ्यावी. पाराच्या कट्ट्यावर कुणीच बसू नये, सगळ्यांनी खाली बसावं. सतरंज्या विहारातून आणायचं पोरांनी कबूल केलं आहे.